गोल्फच्या माळावर घेतलेलं नाव

मी जन्मात गोल्फचा एकच डाव खेळले, आणि तोही नऊवारी नेसून. हे सांगितलं की आमची नातवंडं आधी हसून घेतात आणि मग विचारतात, "जिंकलीस का गं आजी?" त्यांना काय सांगायचं. आम्हाला जिंकायचा नव्हताच, नुसता संपवायचा होता. तेवढंही जमलं नाही.

तेव्हा मी विशीच्या आतबाहेर होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. माहेर सटाण्याचं, वडिलांचा कांद्याचा व्यापार, भावांच्या घोळक्यात एकटी बहीण. त्यामुळे स्वयंपाकापेक्षा विटीदांडू जास्त शिकलेली. इंग्रजीची दोन पुस्तकं झाली होती. तेवढ्या भांडवलावर ही बाई नाशकात शेजारणींना वर्तमानपत्र समजावून सांगायची. त्यातलं अर्धं तिलाच कळायचं नाही, हे शेजारणींना कळत असे. त्या चांगल्या होत्या, बोलायच्या नाहीत.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि पाळण्यातली मुलगी. सासू-सासरे आधीच गेलेले. पंचवटीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, आणि हे कालव्यांच्या खात्यात नकाशे काढायच्या कामावर होते. अक्षर असं, की त्यांनी काढलेली नदी सुद्धा सुवाच्य दिसायची.

ह्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. तसं कुणाचंच लिहिणार नाही, पण ह्यांचं न लिहिण्याचं कारण निराळं आहे. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव बायकोने उच्चारायचं नसे. उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. घ्यायचंच तर उखाण्यात, लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, चार बायकांनी गळ घातल्यावर. मागे दोन ओळी यमकाच्या लावल्या की नाव बाधत नाही, असा हिशेब होता. एरवी 'अहो'. मी स्वतःला सुधारक म्हणवत होते, पण इथे सगळी सुधारणा गळून पडायची. ह्यांच्या नावात एका देवाचं नाव होतं. त्या देवाची आरती म्हणताना मी तेवढ्या शब्दाला ओठ मिटून घ्यायची. देवाला काय वाटत असेल कोण जाणे. ह्यांना मात्र त्याची फार गंमत वाटे. शेजारी बसून ते नेमका तोच शब्द मोठ्याने म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे.

त्या वर्षीच्या थंडीत ह्यांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. कचेरीत न्यूमोनिया म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि मग खरं नाव सांगितलं. क्षय. त्या काळी हे नाव सुद्धा लोक उच्चारत नसत. म्हणजे आमच्या घरात न घ्यायची नावं दोन झाली.

डॉक्टर म्हणाले, दूध, अंडी, कोरडी हवा आणि पूर्ण विश्रांती. कोरडी हवा नाशकात होती, तिच्यासाठी मुंबईचे श्रीमंत देवळालीला येऊन राहत. दूध-अंड्यांचंही मी कसंबसं जमवलं असतं. विश्रांती कुठून आणायची? हे खात्यात तात्पुरते होते. कायम माणूस आजारी पडला तर त्याला रजा मिळे, पगार चालू राही. तात्पुरता आजारी पडला की त्याच्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशी दुसरा बसे. उन्हाळ्यात ह्यांना कायम करायचा विषय निघाला होता. पेठच्या डोंगरात नव्या पाटाची पाहणी व्हायची होती, तिच्यासाठी माणूस हवा होता, आणि तो धडधाकट आहे अशी खात्याच्या गोऱ्या साहेबांची खात्री पटायला हवी होती. म्हणजे बघा, आजारी पडायची परवानगी मिळवण्यासाठी आधी निरोगी दिसायचं होतं. एकदा कायम झालं की दुसऱ्या महिन्यात खाटेवर पडलं तरी चालणार होतं.

एका शनिवारी हे कचेरीतून आले आणि टोपी काढायच्या आधीच म्हणाले, "उद्या सकाळी गोल्फ खेळायला जायचंय."

मला वाटलं ताप चढला.

"साहेब म्हणाले, डॉक्टरचा दाखला मला नको. दाखले मी पुष्कळ पाहिलेत. उद्या माझ्याबरोबर मैदानाची एक फेरी करा, मी स्वतः पाहतो."

"किती लांब असते फेरी?"

"नऊ खळगे आहेत. चेंडू मारायचा, त्याच्यामागे चालायचं, खळग्यात घालायचा. परत पुढच्याला." ह्यांनी आदल्या वर्षी त्या मैदानाचा नकाशा काढला होता. त्यांचा आणि गोल्फचा संबंध तेवढाच. "दीड-दोन तास उन्हात चालायचं. एवढंच."

ते "एवढंच" म्हणाले खरे. जिना चढून आले की त्यांना कठड्याशी थांबावं लागत होतं.

"आणि तुलाही बोलावलंय," ते म्हणाले. "मडमेची जोडीदारीण महाबळेश्वरला गेली. चौथं माणूस पाहिजे."

"मला? मी काय करू तिथे?"

"विटीदांडूत भावांची डोकी फोडलीस ना? तेच कर. फक्त डोकी सोडून."

सकाळी त्यांना मी अडुळशाचा काढा दिला आणि गालात धरायला ज्येष्ठमधाची काडी दिली. मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. आणि मी स्वतः काय केलं? लग्नातला हिरवा शालू नेसले. गोल्फ म्हणजे साहेबाघरचं काहीतरी कार्य असणार, असं त्या शहाणीच्या डोक्यात होतं. नथही घातली होती, ती टांग्यात ह्यांनी काढायला लावली.

मैदान गावाबाहेरच्या माळावर होतं. मला हिरवळ दिसेल असं वाटलं होतं. वैशाखाचे दिवस. सगळा माळ भाजून निघालेला, मुरुमाची तांबडी जमीन, करपलेलं गवत, मधूनमधून बाभळी आणि निवडुंग. एका अंगाला पांडवलेण्यांचा डोंगर, दुसऱ्या अंगाला लांबवर रामशेजचा किल्ला, आणि दोन्हींवर धुळीचा पडदा. ओल्या रंगाचं म्हणून काही नव्हतं. साहेब मात्र त्या सगळ्याकडे देवळात आल्यासारखे बघत होते.

साहेबांनी मराठीची खात्यातली परीक्षा दिलेली होती, त्यामुळे ते पुस्तकात बोलतात तसं बोलत. मला म्हणाले, "बाईसाहेब, लढाईचे वेळी मी मिसर देशात होतो. तेथील वाळवंटात असेच मैदान होते. परंतु हे अधिक रमणीय आहे."

मी "हो" म्हणाले. जिथे बकरीसुद्धा उभी राहायला तयार नाही ती जागा रमणीय कशी, हे मला कळलं नाही. मडम उंच, उन्हाने नाक सोललेली, स्वभावाने मोकळी होती. तिला खानसाम्याशी बोलण्यापुरतं हिंदुस्थानी येत होतं. तिने माझ्या शालूचा पदर हातात घेऊन "बहुत अच्छा, बहुत अच्छा" म्हटलं आणि माझ्या हातात एक काठी दिली.

काठ्यांच्या पिशव्या वाहायला एक गडी होता, जवळच्याच वस्तीवरचा, पिकल्या मिशांचा, अनवाणी. त्याने ओल्या मातीची चिमूट घेऊन जमिनीवर एवढीशी ढिगोळी केली आणि तिच्यावर पांढरा चेंडू ठेवला. थेट वाळूच्या पिंडीसारखी. माझा हात आपोआप नमस्काराला उचलला गेला. हे खोकल्यासारखं हसले आणि मग लगेच गंभीर झाले. त्या दिवशी त्यांना हसायची चोरी होती.

साहेबांनी मारला, चेंडू लांब गेला. मडमेने मारला. ह्यांनी मारला तो जेमतेम पुढे गेला, पण गेला. मग मी. मी शालूचा पदर कमरेला खोचला, काष्टा घट्ट केला आणि दांडू मारतात तशी काठी ओढली. एक बारीकसा टक् आवाज झाला. हाताला काही लागलंसुद्धा नाही. चेंडू उठला, उठतच गेला आणि साहेबांच्या चेंडूच्या पलीकडे जाऊन पडला.

साहेबांनी डोळ्यांवर हात धरून तो पडला तिकडे पाहिलं. मग साहेब म्हणाले, "उत्तम. आपण पूर्वी हा खेळ खेळला आहात काय?"

"नाही. विटीदांडू."

"हा शब्द आमच्या परीक्षेत नव्हता," साहेब म्हणाले.

आता या बाईची स्थिती बघा. नवरा काय परीक्षा द्यायला आला आहे, आपण कशाला आलो आहोत, सगळं विसरली. अंगात सटाणा संचारला. मडम पाठ थोपटते आहे, साहेब मान हलवताहेत, आणि ही शालूतली राणी ताडताड पुढे चालली आहे, आपला चेंडू सगळ्यांच्या पुढे म्हणून. दुसऱ्या खळग्याला तिने आणखी लांब मारला. सगळ्यांना तिच्यामागे तेवढं चालावं लागलं. मागे वळून बघावं असं तिला तिसऱ्या खळग्यापर्यंत वाटलं नाही.

बघितलं तेव्हा ह्यांचे कान लाल झाले होते. खोकला दाबून धरला की त्यांचे कान लाल होत. चेहरा मात्र पांढरा. साहेब शेजारून चालत पेठकडच्या डोंगरांबद्दल काही विचारत होते आणि हे फक्त मान हलवून उत्तर देत होते, कारण तोंड उघडलं असतं तर शब्द आला नसता.

माझ्या डोक्यात मग लख्ख उजेड पडला. मी लांब मारते तेवढं ह्यांना लांब आणि भरभर चालावं लागतं. मी चेंडू हरवला तर सगळे थांबतात. साहेबांच्या खेळाचा तो नियमच होता, हरवलेला चेंडू थोडा वेळ तरी सगळ्यांनी शोधायचा.

चौथ्या खळग्याला मी उजवीकडच्या बाभळीत मारला. साहेब हळहळले. सगळे शोधायला गेले, हे एका दगडाला टेकून उभे राहिले. शोध लवकर संपू नये म्हणून मी भलतीकडेच काट्यांत हात घालत होते. शालूची जरीची किनार बाभळीला लागून उसवत होती. तेवढ्यात मला दिसलं, गडी चेंडूवर पाय देऊन उभा आहे. अनवाणी पायाची बोटं त्याने चेंडूभोवती वळवली होती आणि वर तोंड करून साहेबांना म्हणत होता, "लय दाट हाय सायेब. नाय दिसत."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "तुमी म्हनाल तवा गावंल, बाई. दमल्या असाल. दिवस हायेत ना?"

मी मान खाली घातली. त्याला पोटुशी बाई वाटली तर वाटू दे. त्याने काय समजायचं ते समजावं, पाय काढू नये म्हणजे झालं. मी हळूच ह्यांच्याकडे बघत होते. कानांची लाली उतरली तेव्हा मी "गावू दे" म्हटलं आणि चेंडू गावला.

पुढे तो गडी आणि मी अशा सहज युतीत खेळलो. पाचव्याला निवडुंगात, सहाव्याला ओढ्याच्या कोरड्या पात्रात. मी मारायचे, तो पायाखाली घ्यायचा. साहेब आता मला धीर देत होते. "निराश होऊ नये. आरंभी आपले चांगले झाले होते." मडम मला काठी कशी धरायची ते दाखवत होती, माझ्या मागे उभी राहून, दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवून. जन्मात एकदाच मला एखादी गोष्ट उत्तम येत होती आणि ती मला मुद्दाम बिघडवून दाखवायची होती. दुःखाचा विचार सुचायचं ते वय नव्हतं. मला त्या सगळ्याचा, खरं सांगते, राग आला होता. साहेबाचा, माळाचा, ह्यांच्या कानांचा सुद्धा.

खळग्याभोवती गवत नसायचं, तेल मिसळलेली वाळू गोल पसरून फळीने सपाट केलेली असायची. साहेब तिला 'ब्राउन' म्हणत. मला ती सारवून ठेवलेल्या अंगणासारखी वाटली, म्हणून पहिल्या खळग्यापासून मी बाहेर चपला काढून आत जात होते. आधी मडम हसली होती. सातव्या खळग्याला पाहते तर साहेब मडमेला माझी पावलं दाखवत होते. ह्यांच्या बुटाचे ठसे त्यांच्याशेजारीच होते. एक पाय खोल, एक पाय ओढलेला. साहेबांनी ते पाहिले का, मला माहीत नाही. ते कालव्याचे इंजिनियर होते, जमिनीवरच्या खुणा वाचायचं त्यांचं कामच होतं.

खळग्यागणिक प्रत्येकाचे किती टोले झाले ते कार्डावर मांडायचं असे. ह्यांचं अक्षर चांगलं म्हणून कार्ड साहेबांनी ह्यांच्या हाती दिलं होतं. प्रत्येकाने आपापला आकडा सांगायचा, हे पेन्सिल काढून तो लिहायचे. आठव्या खळग्याला हे आपला आकडा बोलून सांगेनात, म्हणून मडमेने मला विचारलं, "साहब का कितना? क्या नाम तुम्हारा साहब का?"

मी पदराचं टोक चावत उभी. साहेब म्हणाले, "या स्त्रिया पतीचे नाव उच्चारीत नाहीत." हे मात्र परीक्षेत होतं वाटतं.

हे ज्येष्ठमधाची काडी चघळत म्हणाले, "घेतील. उखाणा सुचत नसेल." आणि त्या सगळ्या सकाळीत पहिल्यांदा माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. तेव्हा मला वाटलं, होणार. एकच खळगा राहिला आहे. होणार आपलं.

शेवटच्या खळग्याला वारं सुटलं. दुपार चढत होती, धूळ उडायला लागली होती. साहेब आणि हे पुढे जाऊन ब्राउनच्या कडेशी उभे होते. हे थोडे बाजूला, टोपी काढून, रामशेजकडे तोंड करून. मागून त्यांची पाठ इतकी सरळ दिसत होती, की मीसुद्धा फसले असते. मडम आणि मी मागे होतो. मडमेने मारला. काठी वाकडी बसली आणि चेंडू जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून सरळ ह्यांच्या दिशेने निघाला.

मडम ओरडली, "फोर!"

साहेब तिथल्या तिथे खाली वाकले. गोल्फमध्ये हा शब्द म्हणजे 'डोकं सांभाळा', हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ह्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही इंग्रजी पुस्तकातून शिकलेली माणसं. त्यांना वाटलं, मडम आपल्या टोल्यांचा आकडा सांगते आहे. चार. त्यांनी हात वर करून "ऐकलं" अशी खूण केली, खिशातून पेन्सिल काढली आणि कार्ड हातावर धरून शांतपणे चार लिहायला लागले.

मी "अहो" म्हणून ओरडले. गड्याने मागे पाहिलं. वाकलेल्या साहेबांनी मान वर केली. ह्यांनी नाही. वाऱ्यात 'अहो' ते काय, कुणाचंही असतं.

मग मी नाव घेतलं. उखाणा नाही, यमक नाही, मागे 'राव' नाही. आई मुलाला रस्त्यावरून हाक मारते तसं, नुसतं, सगळ्या माळाला ऐकू जाईल एवढं.

हे गर्रकन वळले. चेंडू त्यांच्यापासून हातभर अंतरावर मुरुमात आपटला आणि उडून पलीकडे गेला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत होते. असं तोंड मी त्यांचं आधी कधी पाहिलं नव्हतं. कार्ड एका हातात, पेन्सिल दुसऱ्या, तोंड उघडं, आणि मग ते हसायला लागले. सकाळपासून जपून ठेवलेलं सगळं हसू एकदम सुटलं. मीही हसले. मडमही हसली, तिला वाटलं चेंडू चुकला म्हणून.

हसता हसता त्यांना ठसका लागला.

पहिला ठसका हसण्यातच गेला. दुसऱ्याला ते वाकले. त्यानंतर मोजण्यासारखं काही राहिलं नाही. खोकला सुटला तो सकाळभर दाबलेला सगळा एकदम वर आला. कार्ड खाली पडलं. मी धावले, चपला कुठे राहिल्या कळलं नाही, सारवल्यासारख्या त्या वाळूवरून तशीच तुडवत गेले. रुमाल त्यांनी तोंडाशी धरला होता आणि दुसऱ्या हाताने मला 'काही नाही, काही नाही' अशी खूण करत होते. रुमाल त्यांनी लगेच मुठीत आवळला. पण साहेब जवळच होते.

साहेबांनी पाठ फिरवली. आपल्या चेंडूपाशी गेले, काठी हळूच लावली, चेंडू खळग्यात घातला. मडमेलाही त्यांनी काहीतरी हलक्या आवाजात सांगून तिचा डाव पुरा करायला लावला. खोकला थांबेपर्यंत ते दोघं आमच्याकडे न बघता खेळत राहिले. मग गड्याकडून घडीची तिवई घेऊन साहेब आले, स्वतःच्या हाताने उघडली, ह्यांच्यापुढे ठेवली.

"आपण बसावे," ते म्हणाले.

कचेरीत साहेबापुढे तात्पुरत्या माणसाने बसायचं नसे. दोन वर्षांत ह्यांना कधी कुणी बसायला सांगितलं नव्हतं. हे बसले. मला तेव्हाच कळलं. साहेब रागावले असते, चार शब्द टाकून बोलले असते, तर अजून काही आशा होती. ते इतक्या मायेने बोलले म्हणजे सगळं संपलं.

गड्याने वाळूवरचं कार्ड उचलून, झटकून ह्यांना दिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. दिवस कुणाचे भरत आले होते, ते आता त्याच्याही ध्यानात आलं होतं.

टांग्यात बसलो. गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूल आला तेव्हा हे डोळे मिटूनच म्हणाले, "आणि उखाणा?"

"बोलू नका तुम्ही."

"नाव घेतलंस. उखाणा कुठाय?"

"तुम्ही बरे व्हा, मग घेते."

"चांगला जुळव हं. गोल्फ त्यात आला पाहिजे."

कायम करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पेठच्या पाहणीवर दुसरा माणूस गेला. साहेबांनी ह्यांना पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कचेरीत राहू दिलं, उन्हात मात्र कुठे पाठवलं नाही. एकदा चपराशाबरोबर अंडी पाठवली, एकदा माझ्या त्या हरवलेल्या चपला. मग काम संपलं असं सांगून निरोप दिला. तात्पुरत्यांचं काम संपतच असे, त्यात खोटं काही नव्हतं.

आम्ही सटाण्याला गेलो. वडिलांनी कांद्याच्या चाळीशेजारची खोली दिली. तिथे वारं खेळायचं आणि त्याला कांद्याचा वास यायचा. ह्यांना तो वास आवडे, निदान ते तसं म्हणत. आईने देव पाण्यात ठेवले. शेजारपाजारच्या बायकांना मैदानावरची गोष्ट कुठून कळली होती, मीच सांगितली असेल, मला तोंड कुठे आवरत होतं. त्या माझ्यादेखत म्हणत, नाव घेतलं ना उघड्यावर, मग काय होणार. मी भांडायची. क्षय काय नाव घेतल्याने होतो, तो तर थंडीतच झाला होता. बोलण्यात मीच जिंकायची. आरतीत मात्र तो शब्द आला की ओठ आधीपेक्षा घट्ट मिटायची.

हे खाटेवर पडल्या पडल्या रोज विचारत, "झाला का तयार?"

"व्हायचाय."

"यमक मिळत नाही? मी सांगू?"

"तुम्ही सांगून कसं चालेल. बरे व्हा, अंगणात उभं राहून घेते, सगळ्या आळीसमोर."

तयार कधीच झाला होता. टांग्यातच पहिली ओळ सुचली होती आणि सटाण्याला पोचेपर्यंत दुसरी. मी मुद्दाम देत नव्हते. दिला की संपलं, नाही दिला तर त्याच्यासाठी तरी थांबतील, असं त्या अतिशहाणीला वाटत होतं. चेंडू पायाखाली धरला की डाव पुढे जात नाही, हे ती माळावर शिकली होती ना. शेवटी शेवटी त्यांना बोलवत नसे, तेव्हा ते नुसत्या भुवया वर करून विचारत. मी नुसती मान हलवून नाही म्हणत असे.

पुढचा वैशाख त्यांनी पाहिला नाही.

उखाणा बरा जुळला होता. माळ होता त्यात, काठी होती, नावही अगदी जागच्या जागी येत होतं. मुलगी मोठी झाली, तिची हळद झाली, नातींच्या मंगळागौरी झाल्या. बायका गोल करून बसायच्या आणि एकीमागून एक नाव घ्यायच्या. माझ्यापाशी पाळी आली की हसणं क्षणभर थांबायचं, आणि पलीकडची बाई घाईघाईने सुरू करायची.